आपत्तीनंतर खेड्यातल्या संस्थेने अनुदान कसं मागावं आणि आल्यावर कसं सांभाळावं

पूर असो, भूकंप असो, चक्रीवादळ असो की वणवा, पैशाचा लोंढा पहिल्या काही आठवड्यांत येतो आणि कामाचा डोंगर त्यानंतर उभा राहतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जेमतेम आठवडा-दीड आठवड्यात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संस्थेने जाहीर करून टाकलं होतं की तिथल्या आमच्या कामापुरते पैसे जमले, आता या कारणासाठी देणगी पाठवू नका. असं सांगायला धाडस लागतं. बहुतेक ठिकाणी मात्र उलटं चित्र दिसतं. दुसरं वर्ष उजाडतं तेव्हा कॅमेरे आणि मोठ्या संस्थांच्या गाड्या गेलेल्या असतात, अर्धी घरं बिनछपराची असतात आणि गावातली छोटी संस्था सहा महिन्यांपूर्वीच्या बिलांचा हिशेब जुळवत बसलेली असते.

हा लेख त्या छोट्या संस्थेसाठी आहे. दोन-चार पगारी माणसं, बाकी स्वयंसेवक, एका खोलीचं ऑफिस आणि हिशेबाला आठवड्यातून दोनदा येणारा कुणीतरी, अशी. पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच धोरण आहे: बाकीचे निघून गेल्यावरही जे काम तुम्ही करतच राहणार आहात, त्याच कामासाठी पैसे मागा. ट्रकभर सामान वाटणं तुमच्यापेक्षा मोठ्या संस्थांना चांगलं जमतं. कुणाचं नाव यादीत आलंच नाही, हे शोधून काढणं त्यांना जमत नाही.

पैसा नेमका कशासाठी हवाय, हे आधी ठरवा

जपानमध्ये आपत्तीनंतरच्या देण्यांचे सरळ दोन वेगळे प्रवाह ठेवतात. एक प्रवाह आपद्ग्रस्तांच्या हातात जाणाऱ्या रकमेचा, जो समित्यांमार्फत वाटला जातो. दुसरा, मदतकार्य करणाऱ्या संस्थांच्या खर्चासाठीचा. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर ‘सेंट्रल कम्युनिटी चेस्ट’ या तिथल्या देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेने खास स्वयंसेवक गट आणि बिगर-सरकारी संस्थांसाठी वेगळा निधी उभारला. देणाऱ्यालाही कळतं की आपला पैसा पीडिताच्या खिशात जातोय की त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या माणसाच्या डिझेलला.

अशी विभागणी सगळीकडे नसते, म्हणून अर्ज करणाऱ्याने ती स्वतः करायची. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात लोकांना थेट देण्याच्या गोष्टी: रोख मदत, बी-बियाणं, पत्रे. दुसऱ्यात तुम्ही देणार ती सेवा: कागदपत्रांची मदत, समुपदेशन, विहिरींची स्वच्छता, मुलांचे वर्ग. तिसऱ्यात संस्था चालू राहण्याचा खर्च: पगार, भाडं, भिजलेला संगणक. संकोचापोटी बहुतेक संस्था पहिला रकाना भरभरून लिहितात आणि तिसरा कोरा सोडतात. मग वाटपासाठी हजार किट येतात, पण ते वाड्यावस्त्यांवर पोचवायला गाडी नसते आणि चालकाला द्यायला पैसे नसतात.

कागद आपत्तीच्या आधीचे हवेत

ज्यांच्याकडे अजून वेळ आहे त्यांनी ही पायरी आजच करावी. काही निधी थक्क करणाऱ्या वेगाने निघतात. ‘स्टार्ट नेटवर्क’ या मदतसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा ‘स्टार्ट फंड’ आपत्तीची सूचना मिळाल्यापासून ७२ तासांच्या आत पैसे देण्याचा निर्णय घेतो आणि त्यातले प्रकल्प साधारण ४५ दिवसांचे असतात. तो त्या नेटवर्कच्या सदस्य संस्थांसाठी आहे. छोटी संस्था त्यात सहसा एखाद्या सदस्याची भागीदार म्हणून येते. पण तीन दिवसांत भागीदार शोधणारा माणूस फोन करतो तेव्हा तो ‘तुमचं काम चांगलं आहे’ एवढ्यावर थांबत नाही. नोंदणीचा दाखला आणि गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब संध्याकाळपर्यंत पाठवाल का, असं विचारतो.

तर एक फोल्डर तयार ठेवा. नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा नियमावली, कार्यकारिणीची सध्याची यादी (तीन वर्षांपूर्वीची नव्हे), करसवलतीची कागदपत्रं, ऑडिट अहवाल, बँकेचं पत्र, आणि चार छोटी धोरणं: खरेदी कशी करतो, मुलांच्या सुरक्षिततेची काळजी कशी घेतो, लैंगिक शोषणाची तक्रार कुठे आणि कशी करायची, हितसंबंध आड आले तर काय करायचं. धोरण म्हणजे पन्नास पानी ग्रंथ नव्हे. एकेका पानाचं, कार्यकारिणीच्या ठरावाने मंजूर झालेलं आणि माणसं खरोखर पाळतात असं असलं की पुरे. हे सगळं स्कॅन करून ऑनलाइन ठेवा आणि एक प्रत तुमच्या भागाबाहेर राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे द्या. ज्या पुरात गाव बुडतं त्याच पुरात ऑफिसचं कपाटही बुडतं.

बँकेच्या सह्यांचा प्रश्न इथेच निकाली काढा. दोघांच्या सहीने खातं चालतं आणि त्यातला एक जण रस्ता तुटल्यामुळे अडकलाय, जखमी आहे किंवा हयात नाही, अशा वेळी खात्यात पैसे असूनही हात बांधलेले राहतात. तीन अधिकृत सह्या आणि त्यांपैकी कोणत्याही दोन चालतील, हा ठराव शांततेच्या काळात पाच मिनिटांत होतो.

नोंदणीच नसेल तर? आपत्तीनंतर तरुणांचे गट, बचत गट, गावसमित्या उत्तम काम करतात, पण अनुदान घेण्याइतका त्यांना कायदेशीर आधार नसतो. अमेरिकेसारख्या देशांत नोंदणीकृत संस्था अशा गटाच्या वतीने पैसे स्वीकारून त्याला देऊ शकते. सगळीकडे ही मुभा नाही. भारतात २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून आधी आपल्या देशाचा नियम बघा. नियम परवानगी देत असेल तर यजमान संस्थेशी लेखी करार करा. ती किती टक्के कापणार, पैसे आल्यावर किती दिवसांत देणार, ऑडिटला उत्तर कोण देणार आणि विकत घेतलेलं सामान शेवटी कुणाच्या नावावर राहणार, हे चार मुद्दे त्यात हवेतच. तोंडी ठरलेल्या गोष्टी आपत्तीच्या धावपळीत सगळ्यात आधी विसरल्या जातात.

नुकसान मोजताना

एकाच गावात चार संस्था चार वेळा तेच प्रश्न विचारून जातात. लोक वैतागतात आणि तिसऱ्या वेळी उत्तरंही साचेबद्ध देतात. सर्वेक्षणाला निघण्याआधी विचारा की आधी कुणी केलंय का आणि ती माहिती मिळेल का. मिळाली तर तुमचे दोन दिवस वाचले, ते राहून गेलेल्या घरांसाठी वापरा.

खरी गंमत राहून गेलेल्या घरांतच आहे. सरकारी यादी कागदपत्रांवर चालते: जमिनीचा दाखला, घराची नोंद, ओळखपत्र. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने घरबांधणीसाठी तीन हप्त्यांत अनुदान दिलं. एकूण रक्कम वाढवून तीन लाख नेपाळी रुपये करण्यात आली. पण ज्यांच्याकडे जमिनीची कागदपत्रं नव्हती अशी कुटुंबं सुरुवातीला अडकून पडली. भाडेकरू, भूमिहीन, दुसऱ्याच्या शेतावर राहणारे मजूर, नवऱ्याच्या नावावरच्या घरात राहणारी विधवा, एका घरात तीन चुली असलेले भाऊ: ही माणसं प्रत्येक आपत्तीत, प्रत्येक देशात यादीबाहेर राहतात. तुमची संस्था त्यांना नावाने ओळखते. अर्जात मांडण्याजोगी याहून मोठी ताकद तुमच्याकडे नाही.

हे काम प्रत्यक्षात कसं दिसतं याची दोन चांगली उदाहरणं आहेत. गुजरातच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ या संस्थांच्या जाळ्याने गावांच्या एकेका गटामागे ‘सेतू’ नावाची केंद्रं उघडली. सरकारची योजना गावाला समजावून सांगायची आणि गावची अडचण सरकारपर्यंत न्यायची, एवढंच त्यांचं काम. हे जाळं भूकंपानंतर घाईने उभं राहिलेलं नव्हतं. १९९८ च्या चक्रीवादळानंतरच ते एकत्र आलं होतं. त्याआधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला संवाद साहाय्यक झाल्या आणि घरदुरुस्तीची माहिती घराघरांत पोचली. दोन्हीकडे मुख्य गुंतवणूक माणसांत होती. अनुदानाच्या भाषेत हा ‘पगार आणि प्रवास’ झाला, आणि हाच रकाना मागायला आपण लाजतो.

आकडे गोळा करताना प्रत्येकाशेजारी तारीख आणि तो कुठून आला ते लिहा. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ असंच लिहा. स्त्रिया, पुरुष, मुलं, वृद्ध, अपंग यांची मोजणी वेगवेगळी ठेवा, कारण पुढे प्रत्येक अर्ज तीच मागतो. गरजेचं मोजमाप मांडताना ‘स्फिअर’ या आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची किमान मानकं हाताशी ठेवा, जगभरातले निधी देणारे ती ओळखतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय, २५० जणांमागे एक नळ, निवाऱ्यात माणशी ३.५ चौरस मीटर जागा. समजा निवाऱ्यात २४० कुटुंबं आहेत आणि कुटुंबात सरासरी पाच माणसं. म्हणजे १,२०० माणसं, रोज १८,००० लिटर पाणी, ६० शौचालयं, पाच नळ. ‘पाण्याची तीव्र टंचाई आहे’ या वाक्यापेक्षा ‘रोज १८,००० लिटर हवं, सध्या ६,००० येतं’ हे वाक्य छोटंही आहे आणि जास्त बोलतंही.

मागायचं कुणाकडे

मानवतावादी मदतीच्या जगात २०१६ साली इस्तंबूलच्या शिखर परिषदेत ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार झाला. २०२० पर्यंत निधीचा किमान २५ टक्के हिस्सा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत शक्य तितका थेट पोचवायचा, असं त्यात ठरलं. ते लक्ष्य गाठलं गेलं नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की मोठा आंतरराष्ट्रीय पैसा तुमच्याकडे सहसा दुसऱ्या एखाद्या संस्थेमार्फत, उप-अनुदान म्हणून येईल. त्यात गैर काही नाही, पण घासाघीस करावी लागते. वरची संस्था आपल्या प्रशासकीय खर्चासाठी काही टक्के घेते. त्यातला वाटा मागा. न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही.

सरकारी अनुदानात रक्कम मोठी असते, पण बरेचदा ते खर्च झाल्यावर भरपाई म्हणून मिळतं. अमेरिकेत ‘फेमा’ या केंद्र सरकारच्या आपत्ती यंत्रणेचा सार्वजनिक मदत कार्यक्रम पात्र खर्चाच्या किमान ७५ टक्के भार उचलतो, उरलेला स्थानिक पातळीवर उभारावा लागतो. तिथे एक सोय आहे जी सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: स्वयंसेवकांनी दिलेले तास, नीट नोंद असेल तर, त्या स्थानिक हिश्श्यात धरता येतात. नाव, तारीख, किती ते किती, कुठलं काम, सही. चिखल उपसणाऱ्या पोराला मस्टरवर सही करायला लावणं त्या क्षणी विचित्र वाटतं, पण त्या सहीची पुढे खरोखर किंमत होते. तुमच्या देशात अशी सोय नसली तरी ‘आमच्याकडून ४,००० तासांचं श्रमदान’ हे पुराव्यानिशी लिहिता येणं खासगी देणगीदारासमोरही वजनदार ठरतं.

छोट्या ग्रामीण संस्थेला सगळ्यात सोयीचे माझ्या मते दोन प्रकारचे दाते. एक, त्याच प्रदेशासाठी किंवा खेड्यांसाठी काम करणारी प्रतिष्ठानं. ऑस्ट्रेलियात ‘फाउंडेशन फॉर रूरल अँड रीजनल रिन्यूअल’ हे प्रतिष्ठान २००० पासून याच कामात आहे, छोट्या रकमा देतं आणि आपत्तीनंतरच्या मध्यम आणि लांब पल्ल्याच्या पुनर्बांधणीचा विचार करतं. दोन, आपत्ती हाच विषय असलेले आणि घाईने सगळा पैसा न संपवणारे दाते. अमेरिकेतलं ‘सेंटर फॉर डिझास्टर फिलँथ्रपी’ हे त्याचं ठळक उदाहरण. अशा दात्यांना आठव्या महिन्यात आलेला अर्ज उशिराचा वाटत नाही. कंपन्या वेगाने देतात, पण फलकाची, फोटोची आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भेटीची अपेक्षा ठेवतात. लोकवर्गणीच्या ऑनलाइन मोहिमा पहिल्या पंधरवड्यात चालतात, नंतर मंदावतात. तेवढ्या काळात मिळालेला मुक्त पैसा उडवू नका. तो का जपायचा ते हप्त्यांच्या मुद्द्यात येईल.

अर्ज करायला बसण्याआधी दात्याला एक फोन किंवा पाच ओळींचा ईमेल करा. आम्ही कोण, कुठे, काय करू इच्छितो, किती लागेल, तुमच्या चौकटीत बसतं का? नाही म्हणाले तर तुमचा आठवडा वाचला.

‘कारण’ लिहिताना शब्द तोलून

२०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या वेळी विनोदी अभिनेत्री सेलेस्ट बार्बर यांनी फेसबुकवर मदतीचं आवाहन केलं आणि ५ कोटी १० लाखांहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. आवाहनात नाव होतं न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेच्या ट्रस्टचं. नंतर अनेकांना वाटलं की यातला काही पैसा घरं गमावलेल्या कुटुंबांना आणि होरपळलेल्या प्राण्यांसाठी जावा. मे २०२० मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ट्रस्टच्या दस्तात जो उद्देश आहे त्यापलीकडे पैसा नेता येणार नाही. अग्निशमन दलाचं प्रशिक्षण, साधनं, समुपदेशन, मृत आणि जखमी जवानांच्या कुटुंबांना आधार, एवढ्यालाच वाट मोकळी झाली. दात्यांचा हेतू कितीही विशाल असो, बंधनकारक ठरतो तो लिहिलेला उद्देश.

तुमच्या अर्जातही तसंच. ‘पूरग्रस्त गावांत ३०० शिलाई यंत्रांचं वाटप’ असं लिहिलंत आणि चौथ्या महिन्यात कळलं की बायकांना यंत्रांपेक्षा शेळ्या हव्या आहेत, तर प्रत्येक बदलाला परवानगी मागत बसाल. ‘पूरग्रस्त गावांतल्या ३०० महिलांचा बुडालेला रोजगार पुन्हा सुरू करण्यासाठी साधनं, पशुधन किंवा खेळतं भांडवल, त्यांच्या निवडीनुसार’ असं लिहिलं तर जागा राहते. मात्र ‘ग्रामीण विकास’ इतकं सैल लिहाल तर परीक्षक अर्ज बाजूला ठेवेल. कुणासाठी आणि कशाकरता हे घट्ट, कोणत्या वस्तूने हे सैल, असं सूत्र धरा.

बाकी प्रस्तावाबद्दल थोडक्यात. पहिल्या परिच्छेदात काय झालं, कुणावर झालं आणि तुम्ही काय करणार हे येऊ द्या. संस्थेचा गौरवशाली इतिहास नंतर. परीक्षक रोज असे चाळीस अर्ज वाचतो आणि त्या सगळ्यांत ‘सर्वांगीण’ विकास झालेला असतो. असं एखादं वाक्य लिहून बघा: ‘आमच्या आठ वाड्यांत ११२ घरं राहण्यायोग्य उरली नाहीत. त्यांतल्या ३७ कुटुंबांकडे जमिनीचा कागद नसल्याने ती सरकारी यादीत नाहीत. या ३७ कुटुंबांचे दावे दाखल करणं, सुनावणीला सोबत जाणं आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरता निवारा देणं, हे काम आम्ही बारा महिने करू.’ एवढ्यात समस्या, जागा, माणसं आणि मुदत, सगळं आलं. तुम्ही काय करणार नाही तेही लिहा. ‘घरबांधणी आम्ही करणार नाही, ती अमुक यंत्रणा करते आहे’ असं सांगणाऱ्या संस्थेवर विश्वास बसतो.

अंदाजपत्रक

अर्जाचा शब्दभाग कुणी डोळ्यांखालून घालतं, अंदाजपत्रक मात्र बारकाईने वाचलं जातं.

पहिली गोष्ट, भाव. आपत्तीनंतर वाळू, पत्रे, मजुरी, गाडीभाडं सगळं चढतं. आपत्तीपूर्व दरांवर आखलेलं अंदाजपत्रक दुसऱ्या महिन्यात फाटतं. ताजी कोटेशन घ्या आणि अनपेक्षित खर्चासाठी वेगळी ओळ ठेवा. दात्याच्या नियमांत ती बसत नसेल तर प्रत्येक ओळीतच भाववाढ धरा आणि टिपणात तसं लिहून टाका, लपवू नका.

दुसरी, अंतर. वाड्यावस्त्या विखुरलेल्या, पूल वाहून गेलेला, वळसा घालून जायचं. शहरात बसलेल्या परीक्षकाला माणशी खर्च जास्त वाटणारच. म्हणून अंदाजपत्रकासोबत अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण द्या: किती वस्त्या, एकमेकींपासून किती किलोमीटर, आठवड्यात किती फेऱ्या. स्पष्टीकरण नसलेली मोठी ओळ कापली जाते.

तिसरी, पगार आणि प्रशासकीय खर्च. ‘तुमचा शंभर टक्के पैसा थेट लोकांना’ हे वाक्य दात्याला सुखावतं आणि संस्थेला मारतं. हिशेबनीस, भाडं, वीज, ऑडिटची फी, हे कुणीतरी भरतच असतं. बहुधा कार्यकर्ते स्वतःच्या संसारातून. अमेरिकी सरकारी अनुदानांत, ज्या संस्थेने स्वतंत्र दर ठरवून घेतलेला नाही तिला अप्रत्यक्ष खर्चासाठी पूर्वी १० टक्के धरता येत. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली. कायद्याने किंवा दात्याने जी मर्यादा दिली असेल तिथपर्यंत मागा. शिवाय जे थेट प्रकल्पाचंच आहे ते प्रशासनात ढकलू नका. लाभार्थ्यांच्या घरी जाणारी कार्यकर्ती ही ‘ऑफिस खर्च’ नव्हे, तीच कार्यक्रम आहे. तिचं स्वतःचं घरही पडलेलं असू शकतं, तेव्हा कार्यकर्त्यांच्या विश्रांतीची आणि समुपदेशनाची छोटी ओळ घालायला मागेपुढे पाहू नका.

चौथी आणि सगळ्यात धोक्याची, हप्ते. समजा दाता ४० टक्के आगाऊ, ४० टक्के मध्यावर आणि २० टक्के अंतिम अहवालानंतर देणार. म्हणजे शेवटचा पाचवा हिस्सा तुम्ही आधी खर्च करायचा आणि मग वाट बघायची. मधला हप्ता दोन महिने लांबला तर तेवढे दिवस पगार कुठून? महिन्यांचे रकाने आखून येणं आणि जाणं लिहा. ज्या महिन्यात बेरीज शून्याखाली जाते तो महिना सही करण्याआधी दात्याला दाखवा आणि हप्त्यांची वाटणी बदलून मागा. लोकवर्गणीतून आलेला मुक्त पैसा जपून ठेवायचा तो ह्या खड्ड्यासाठी. तोही नसेल आणि दाताही हलायला तयार नसेल, तर अनुदान नाकारणं शहाणपणाचं. वर्षाच्या एकूण खर्चाच्या तिप्पट-चौपट रक्कम अचानक अंगावर आली की छोटी संस्था मोडते, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. तेव्हा कमी मागा किंवा दोन टप्प्यांत मागा.

सही करण्याआधी

करारनामा दोघांनी वाचावा, त्यातला एक हिशेबाचा माणूस असावा. करारापूर्वी झालेला खर्च धरता येतो का? आपत्तीत काम आधी सुरू होतं, कागद नंतर येतो, त्यामुळे हा प्रश्न हमखास उभा राहतो. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत किती टक्के रक्कम परवानगीशिवाय हलवता येते? परकीय चलन असेल तर दर घसरल्यास तूट कुणाची? पंप, बोट, लॅपटॉप प्रकल्पानंतर कुणाचे? लाभार्थ्यांची नावं, आजार, खातेक्रमांक दात्याला द्यावे लागणार का? द्यावे लागणार असतील तर लोकांना आधी सांगा आणि मागितलंय त्यापेक्षा जास्त देऊ नका.

पैसे आल्यावर

प्रत्येक अनुदानाला हिशेबात वेगळा संकेतांक द्या, जमलं तर वेगळं खातं. बिल हातात आलं की त्यावर लगेच शिक्का मारा: कुठल्या अनुदानातून, कुठल्या ओळीतून, तारीख. हा शिक्का बनवायला फारसा खर्च नाही आणि तो तुम्हाला सगळ्यात गंभीर आरोपापासून वाचवतो. एकच बिल दोन दात्यांना दाखवणं, चुकून झालं तरी, फसवणूक म्हणूनच पाहिलं जातं. चार अनुदानं एकदम चालू असताना ही चूक सहज होते.

तीन कोटेशनचा नियम आपत्तीत अडचणीचा ठरतो. बाजारपेठच बंद आहे, एकच दुकान उघडं आहे. अशा वेळी त्या दिवशीच एका कागदावर लिहा की कुणाकुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं, खरेदी का थांबवता येत नव्हती, आणि दोघांच्या सह्या घ्या. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेला खुलासा ऑडिटरला लगेच ओळखू येतो. ते उघडं दुकान कार्यकारिणीतल्या कुणाच्या मेव्हण्याचं असेल, आणि खेड्यात ते असतंच, तर तेही ठरावात नोंदवा आणि त्या सदस्याला निर्णयाच्या वेळी बाहेर बसवा. नातं असणं गुन्हा नाही, लपवणं महागात पडतं.

वाटपाच्या यादीवर सही किंवा अंगठा, वस्तूचं नाव, संख्या, तारीख. निवडीचे निकष आणि निवडलेल्यांची संख्या गावातल्या फलकावर लावा, तक्रार कुणाकडे करायची त्याचा नंबरही. सगळी नावं जाहीर करावीत की नाही, हे मदत कशाची आहे त्यावर ठरवा. बियाण्याची यादी लावता येते, समुपदेशन घेणाऱ्यांची नाही. फोटो काढताना परवानगी विचारा, आणि हात पसरलेल्या माणसाऐवजी काम करणाऱ्या माणसाचा काढा. अहवालालाही तोच जास्त उपयोगी पडतो.

अहवाल, आणि पैसे उरले तर

अहवालाची माहिती दर महिन्याच्या शेवटी अर्ध्या पानावर उतरवत गेलात तर अंतिम अहवाल दोन दिवसांत होतो. ठरवलेलं न झाल्यास तेही लिहा, कारणासकट आणि लवकर. ‘रस्ता न झाल्याने तीन वस्त्यांत काम सुरूच करता आलं नाही’ हे तिसऱ्या महिन्यात कळवलं तर दाता मार्ग काढतो. बाराव्या महिन्यात कळवलं तर वसुलीचं पत्र येतं.

आपत्तीनंतरच्या प्रकल्पांत पैसे उरणं अगदी सामान्य आहे, कारण परवानग्या, पाऊस, मजुरांची टंचाई यांनी काम लांबतं. उरलेली रक्कम संपवण्यासाठी शेवटच्या महिन्यात घाईने खरेदी करू नका. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी, जादा पैसे न मागता फक्त मुदतवाढ मागणारं पत्र द्या. त्यात किती रक्कम शिल्लक आहे, ती कोणत्या ओळींत आहे, काम का राहिलं आणि नव्या मुदतीत महिन्यावार काय होईल, हे एका पानात मांडा. मुदत संपल्यानंतर आलेल्या पत्रावर बहुतेक दाते काही करू शकत नाहीत, म्हणून करार झाला त्याच दिवशी ही तारीख कॅलेंडरवर टाका आणि ती पाळण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.